तयारी कोणाची?

फराळाला आलेली पाहुणेमंडळी चकलीचा तुकडा मोडता मोडता घरातल्या दहावी-बारावीच्या मुलाला एक प्रश्न हमखास विचारतात, "काय, तयारी कशी काय चालली आहे?" मुलगा काहीतरी पुटपुटतो, आई उत्तर पुरे करते आणि बोलणे पुढे सरकते. तयारी ही विद्यार्थ्यानेच करावयाची असते, याविषयी त्या मंडळींत कोणाचाच मतभेद नसतो.

परंतु तयारी ही दोन्ही बाजूंनी व्हावी लागते. शाळेने, विद्यापीठाने, छापखान्याने आणि पुढे नोकरी देणाऱ्या कचेरीनेही काही तयारी करून ठेवावयाची असते. ती आपल्या ध्यानात येत नाही, कारण डोळस, कानांनी ऐकणाऱ्या, दोन पायांवर चालणाऱ्या मुलासाठी ती आधीच होऊन गेलेली असते. फळा असतो, छापील पुस्तक असते, जिना असतो. जिन्याची पायरी किती उंच असावी हेसुद्धा चालणाऱ्या पायाचे माप घेऊनच कोणीतरी ठरविलेले असते. ज्या मुलाचे माप घ्यायचे राहून गेले, त्याच्या वाट्याला मात्र दोन्ही तयाऱ्या येतात. स्वतःची आणि समोरच्याचीही. अंध, बहिरी आणि अपंग मुले उच्च शिक्षणापर्यंत कशी पोचली याचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ही गोष्ट मला पानोपानी दिसू लागली. त्या इतिहासातील काही प्रसंग वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ लिपीपासून करावा लागतो. पॅरिसपासून फार लांब नसलेल्या कूव्रे या खेड्यात १८०९ साली लुई ब्रेलचा जन्म झाला. वडील घोड्यांची खोगिरे आणि लगाम बनवीत. तीन वर्षांचे पोर बापाच्या आरीशी खेळत होते. आरी डोळ्यात गेली आणि पुढे दुसरा डोळाही गेला. १८१९ साली लुई पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तेथे पुस्तके होती, पण ती डोळसांच्याच अक्षरांना कागदावर उठाव देऊन केलेली. अक्षरे मोठी, पुस्तके जड आणि मोजकी. बोटांनी एकेक अक्षराचा आकार चाचपीत वाचायचे. वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत आरंभ विसरून जावा! आणि त्या अक्षरांत स्वतः लिहिणे तर जवळजवळ अशक्यच. फौजेतल्या शार्ल बार्बिए नावाच्या गृहस्थाने बारा टिंबांची एक लेखनपद्धती काढली होती. ती लुईच्या हाती आली आणि १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने ती सहा टिंबांवर आणली. सहा टिंबे म्हणजे बोटाच्या एका पेराखाली मावणारे अक्षर. १८२९ साली ही पद्धती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

आता शाळेने ती आनंदाने उचलली असेल असे आपल्याला वाटते. झाले उलटेच. डोळस शिक्षकांना ती टिंबे परकी वाटत. मधली काही वर्षे तर शाळेत ती वापरायला मनाईच होती आणि मुले चोरून वापरीत. १८५२ साली ब्रेलचा मृत्यू झाला आणि फ्रान्समध्ये त्याच्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ साली. लिपी तयार होती, मुले तयार होती. शाळेची तयारी व्हायला पंचवीस वर्षे लागली.

हेलन केलरचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पाण्याच्या पंपाखाली हात धरून शब्दाचा अर्थ उमगलेली ती आंधळी-बहिरी मुलगी, एवढी गोष्ट आपण सांगतो आणि थांबतो. तिची कॉलेजची तयारी कशी झाली हा भाग फारसा कोणी सांगत नाही. मला तर तोच अधिक विचार करायला लावणारा वाटतो.

हेलन १८८० साली २७ जूनला अमेरिकेतल्या अलाबामा संस्थानात जन्मली. एकोणीस महिन्यांची असताना आजारात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेले. १८८७ साली ॲन सलिव्हन या शिक्षिका तिच्या आयुष्यात आल्या. १८९६ च्या ऑक्टोबरात हेलन मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे मुलींच्या एका शाळेत दाखल झाली. उद्देश हा की हार्वर्डच्या शेजारच्या रॅडक्लिफ या स्त्रियांच्या कॉलेजात प्रवेश मिळावा. वर्गात सलिव्हन बाई तिच्याशेजारी बसत आणि शिक्षकाच्या तोंडचा शब्दन् शब्द बोटांच्या खुणांनी तिच्या तळहातावर लिहीत. हात असा ऐकण्यात गुंतलेला असल्यामुळे हेलनला वर्गात टिपण घेता येत नसे. बहुतेक पुस्तके ब्रेलमध्ये नव्हती; तीही बाईंनी हातावर लिहूनच वाचून दाखवायची. बाईंची स्वतःची दृष्टी अधू होती, हे लक्षात घेतले म्हणजे या कष्टांची कल्पना येते. जर्मनच्या शिक्षिका आणि मुख्याध्यापक गिल्मन हे दोघे मात्र हेलनशी बोलता यावे म्हणून बोटांची लिपी शिकले. हीच समोरच्या बाजूची तयारी. तिचे फळही लगेच दिसले. १८९७ साली २९ जून ते ३ जुलै या दिवसांत प्राथमिक प्रवेशपरीक्षा झाली. गिल्मन यांनी प्रश्न हातावर लिहून वाचून दाखविले, हेलनने उत्तरे टंकयंत्रावर लिहिली. सर्व विषयांत ती उत्तीर्ण झाली आणि जर्मन व इंग्रजीत तिला विशेष प्रावीण्य मिळाले.

दुसरे वर्ष गणिताचे होते. तेव्हा लागणारी ब्रेल पुस्तके आणि साधने वेळेवर आली नाहीत. वर्ग मोठे, स्वतंत्र लक्ष देणे शिक्षकांना जमेना. भूमितीच्या आकृत्या फळ्यावर काढल्या जात. हेलनला त्या एका उशीवर टोके वाकविलेल्या सरळ आणि वक्र तारा टोचून कराव्या लागत. कोणत्या बिंदूला कोणते अक्षर दिले, पक्ष काय, साध्य काय, हे सगळे डोक्यात धरून ठेवायचे. पुढे शाळेशी मतभेद होऊन आईने तिला तेथून काढले आणि कीथ नावाच्या शिक्षकांनी तिला खाजगी रीतीने शिकविले.

१८९९ सालच्या २९ आणि ३० जूनला अंतिम परीक्षा झाली. या वेळी प्रश्नपत्रिका वाचून दाखवायला सलिव्हन बाई नकोत, असे कॉलेजने ठरविले. परीक्षेच्या शिस्तीच्या दृष्टीने ते एकपरी ठीकच म्हणावे लागेल. प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये उतरवून देण्यासाठी अंधशाळेतले एक शिक्षक नेमले गेले. ते हेलनला परके. ब्रेलमध्ये लिहून दाखविण्यापलीकडे तिच्याशी बोलण्याचा त्यांना मार्ग नाही. भाषांच्या विषयांत काही अडले नाही. अडले ते बीजगणितात आणि भूमितीत, कारण त्या काळी इंग्रजी भाषेसाठी ब्रेल एक नव्हते. इंग्लंडचे वेगळे, अमेरिकेचे वेगळे, आणि न्यूयॉर्कची टिंबपद्धती ती तिसरीच. हेलन बीजगणित शिकली होती ती इंग्लंडच्या ब्रेलमधून. प्रश्नपत्रिका येणार होती अमेरिकन ब्रेलमध्ये. परीक्षेला दोन दिवस उरले असताना जुनी एक प्रश्नपत्रिका नमुन्यादाखल तिच्याकडे आली, तेव्हा हा घोटाळा तिच्या लक्षात आला. तिने पत्र पाठवून चिन्हांचा तक्ता मागविला आणि बसली पाठ करायला. परीक्षेच्या आदल्या रात्री ती चौकटी कंस, महिरपी कंस आणि वर्गमुळाचे चिन्ह यांच्या जोड्या लावीत होती!

हेलन उत्तीर्ण झाली. एक वर्ष थांबून १९०० साली तिने रॅडक्लिफमध्ये प्रवेश घेतला आणि १९०४ साली ती सन्मानपूर्वक पदवीधर झाली. बी. ए. झालेली जगातली ती पहिली अंध-बधिर व्यक्ती. आत्मचरित्रात या परीक्षेविषयी लिहिताना तिच्या लेखणीला कडवटपणा शिवलेला नाही. अधिकाऱ्यांच्या मनात वाईट नव्हते, आपण काय अडचणी निर्माण करीत आहोत हे त्यांना कळले नाही, आणि त्या अडचणींवर आपण मात केली याचे समाधान आपल्यापाशी आहे, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. हा तिचा मोठेपणा झाला. इतिहास वाचणाऱ्याने मात्र एवढे विचारायला हवे की, त्या दोन दिवसांत कॉलेजने परीक्षा घेतली ती बीजगणिताची की टिंबांची? आणि हेलनइतकी बुद्धी, हेलनइतकी कीर्ती, खर्च उचलणारे धनिक मित्र आणि सलिव्हन बाईंसारखी शिक्षिका ज्या मुलीपाशी नव्हती, तिचे काय झाले असेल? तिच्याविषयी इतिहासात एक ओळही नाही.

टिंबांचा हा घोळ केवळ अमेरिकेचा नव्हता. तिकडे इंग्लंड-अमेरिकेत १९३२ साली एकमत होऊन इंग्रजीसाठी एक ब्रेल ठरले. आपल्याकडे अंधशिक्षणाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. अमृतसरला १८८७ साली ॲनी शार्प यांनी शाळा काढली. मुंबईत १९०० साली अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांनी काढलेली शाळा पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपाला आली. पण ज्याने त्याने आपापल्या परीने भारतीय भाषांसाठी टिंबे ठरविली आणि देशात निरनिराळ्या ब्रेल पद्धती एकाच वेळी चालू राहिल्या. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेचे पुस्तक वाचता येईना. एवढ्या थोड्या वाचकांत इतक्या लिप्या, मग छापणार कोण आणि किती प्रती?

स्वातंत्र्यानंतर हा गुंता सुटला. १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी देहरादूनला सरकारी ब्रेल छापखाना सुरू झाला. भारती ब्रेलची योजना मोठी मनोहर आहे. एका ध्वनीला एकच खूण, मग भाषा कोणतीही असो. मराठीतला क, बंगालीतला क आणि तमिळमधला क डोळ्यांना तीन निराळे दिसतात. बोटांना तो एकच लागतो. शिवाय छापील मराठीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढतात, त्यामुळे पहिलीतली मुले गोंधळतात. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनाच्या नंतरच येते. डोळसांना जी एकलिपी साधली नाही, ती आंधळ्यांनी साधली असे म्हटले तरी चालेल.

लिपी ठरली, पण शाळेनंतर काय? वेद मेहता यांचे चरित्र या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकते. १९३४ साली लाहोरला जन्मलेल्या या मुलाची दृष्टी चार वर्षांच्या आतच मेंदूच्या तापाने गेली. वडील डॉक्टर, मुलाने शिकावे ही त्यांची जिद्द. पाच वर्षांचेही नसलेले ते पोर १९३९ साली लाहोरहून मुंबईला दादरच्या अंधशाळेत पाठविले गेले. पुढे वरच्या शिक्षणाची वेळ आली तेव्हा आपल्या देशात त्याच्यासाठी योग्य अशी सोय सापडेना. अमेरिकेतल्या संस्थांना पत्रे गेली, नकार आले आणि अखेरीस अर्कान्सास संस्थानातल्या अंधशाळेने त्याला घेतले. १९४९ साली पंधरा वर्षांचा वेद एकटा विमानाने तिकडे गेला. १९५६ साली कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजचा तो पदवीधर झाला, त्यानंतर ऑक्सफर्डला आणि हार्वर्डला शिकला, आणि १९६१ पासून तीन दशकांहून अधिक काळ 'न्यूयॉर्कर' या साप्ताहिकाचा लेखक म्हणून त्याने नाव गाजविले. २०२१ साली त्याचे निधन झाले. त्याच्या यशाचे कौतुक आपण करतोच. पण दादरहून कॉलेजला जाण्यासाठी एका मुलाला अर्धी पृथ्वी ओलांडावी लागली, ही गोष्ट त्या कौतुकाखाली झाकून जाऊ नये.

येथवर दृष्टिहीनांचे सांगितले. आता ज्याचे डोळे शाबूत पण हातपाय गेलेले, अशा एका विद्यार्थ्याचे सांगतो, कारण शिक्षण आणि नोकरी यांची गाठ त्याच्या आयुष्यात फार विलक्षण रीतीने पडली. कॅलिफोर्नियातल्या एड रॉबर्ट्सला १९५३ साली, चौदाव्या वर्षी, पोलिओ झाला. मानेखालचे अंग जवळजवळ निकामी झाले. रात्री श्वासासाठी त्याला एका मोठ्या लोखंडी पेटीत झोपावे लागे. हवेच्या दाबाने ती पेटी त्याची छाती हलवी. हायस्कूलचा अभ्यास त्याने बराचसा घरून टेलिफोनवर केला. शेवटी प्रमाणपत्र अडले. कारण काय, तर त्याने मोटार चालविण्याचा आणि शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केला नव्हता! आईने भांडून ते प्रमाणपत्र मिळविले. नंतर बर्कलीच्या विद्यापीठात जायचे ठरले, तर अपंगांना शिक्षणासाठी साहाय्य देणाऱ्या सरकारी खात्याने, हा कधी नोकरी करू शकणार नाही, तेव्हा याच्यावर खर्च कशाला, असा अभिप्राय दिला. वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर तो निर्णय फिरला. १९६२ साली एड बर्कलीत दाखल झाला. ती लोखंडी पेटी कोणत्याही वसतिगृहात ठेवण्याजोगी नव्हती, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयातच त्याची राहण्याची सोय झाली.

एड गेला आणि त्याच्या मागोमाग आणखी अपंग विद्यार्थी आले. रुग्णालयाचा तो मजला त्यांचे वसतिगृह बनला. त्यांनी स्वतःच आपल्या गरजांची यादी केली. चाकाची खुर्ची मोडली तर दुरुस्त करणारा हवा, मदतनीस हवेत, राहण्याजोगी घरे हवीत, पदपथाच्या कडेला उतार हवेत. १९७० साली विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र योजना सुरू झाली आणि १९७२ साली गावात त्यांचे स्वतःचे केंद्र उभे राहिले. याच सुमारास, १९७३ साली, सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने अपंगत्वाच्या कारणावरून कोणाला डावलू नये असा कायदा अमेरिकेत झाला. आणि एड? ज्या खात्याने त्याला नोकरीला नालायक ठरविले होते, त्याच खात्याचा तो १९७५ साली प्रमुख नेमला गेला. एखाद्या नाटककाराने हा शेवट लिहिला असता तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते.

आपल्याकडे ही दुसरी बाजू तयार होऊ लागली ती बरीच उशिरा, पण होऊ लागली हे खरे. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अंध उमेदवारांना भारतीय प्रशासकीय सेवेची परीक्षा ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या मदतीने देता आली पाहिजे. १९९५ च्या कायद्याने अपंगांसाठी शिक्षणसंस्थांत आणि सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखल्या. २०१६ च्या कायद्याने त्या उच्च शिक्षणात पाच आणि नोकऱ्यांत चार टक्के केल्या. २०२१ साली हाताला पेटके येऊन लिहिणे अवघड जाणाऱ्या एका उमेदवाराच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. अपंगत्व कायद्याने ठरविलेल्या टक्केवारीत बसत नाही एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

पुस्तकांचेही तसेच. छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रित रूपांतर करायला पूर्वी प्रकाशकाची परवानगी लागे आणि तिची वाट पाहण्यात वर्ष निघून जाई. २०१२ साली आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अशा रूपांतराला मोकळीक मिळाली. २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर जागतिक करार झाला आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. करार झाला ती तारीख होती २७ जून, हेलन केलरचा जन्मदिवस.

हे सारे धागे उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांच्या वाटचालीत एकत्र आलेले दिसतात. सहाव्या वर्षी दृष्टी गेलेली ही मुलगी शिकली ती दादरच्याच अंधशाळेत, जेथे वेद मेहता पोरवयात आले होते. पण तिला कॉलेजसाठी समुद्र ओलांडावा लागला नाही. ती मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये गेली. त्या कॉलेजात २००३ सालापासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र चालू होते. पुढे दिल्लीला उच्च शिक्षण झाले. मजकूर वाचून दाखविणाऱ्या संगणकाच्या साह्याने तिने अभ्यास केला आणि २०१६ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ती यशस्वी झाली. तिला रेल्वेची हिशेब-सेवा मिळाली खरी, पण पूर्ण अंधत्वाच्या कारणावरून नेमणूक झाली नाही. ती पुन्हा परीक्षेला बसली, देशात १२४ वी आली आणि २०१९ साली केरळात तिरुअनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाली. शाळा तयार होती, कॉलेज तयार होते, परीक्षा तयार होती. कचेरी मात्र पहिल्या खेपेस तयार नव्हती. लुई ब्रेलच्या शाळेची अढी सुटायला पंचवीस वर्षे लागली, येथे तीन वर्षांत काम भागले. प्रगती मोजायचीच असेल तर ती अशी मोजावी.

असामान्य माणसांच्या कथा सांगण्यात एक धोका असतो. हेलन जिंकली, एड जिंकला, प्रांजल जिंकली; तेव्हा ज्याला जिंकता आले नाही त्याचीच जिद्द कमी पडली असे आपण नकळत मानू लागतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात अपंगांची संख्या दोन कोटी अडुसष्ट लाख होती. इतक्या माणसांनी हेलन व्हावे ही अपेक्षाच चुकीची. सामान्य बुद्धीच्या, सामान्य घरच्या, अधूनमधून अभ्यासाचा कंटाळा करणाऱ्या अंध मुलालाही साधी बी. कॉम. होऊन साधी नोकरी मिळाली पाहिजे. डोळस मुलाला मिळते तशी.

याची कसोटी काय, असे कोणी विचारील तर मी जून महिन्याकडे बोट दाखवीन. शाळा उघडते, पाऊस पडत असतो आणि घराघरांत नव्या पुस्तकांचा वास येत असतो. त्या दिवशी वर्गातल्या अंध मुलीच्या हातीही तिचे पुस्तक पडले, इतरांबरोबर, त्याच सकाळी, तर त्या शाळेची तयारी झाली असे खुशाल समजावे. ते पुस्तक दिवाळीनंतर येणार असेल, तर मात्र फराळाच्या ताटावर त्या मुलीला, "तयारी कशी काय चालली आहे?" असे विचारण्याआधी तोच प्रश्न आपण शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारावा हे बरे.